लोखंडी पेटीतला विद्यार्थी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे विस्तीर्ण राज्य आहे. ह्या राज्यातील सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या दक्षिणेस, समुद्राच्या उपसागरालगत, बर्लिंगेम हे एक टुमदार गाव वसलेले आहे. एडवर्ड रॉबर्ट्स ह्याचे बालपण ह्या गावी गेले. त्याचा जन्म २३ जानेवारी १९३९ रोजी झाला. वडील रेल्वेत नोकरीस होते व आई झोनाबाई घर सांभाळीत असत. चार भावांत एडवर्ड थोरला. घरची माणसे त्याला एड म्हणत, आणि पुढे साऱ्या जगानेही त्याला ह्याच सुटसुटीत नावाने ओळखले. लहानपणी त्याच्या ठायी असामान्य असे काही दिसून आले नव्हते. इतर मुलांप्रमाणेच तो खेळकर होता आणि पुस्तकापेक्षा चेंडूवर त्याची प्रीती अधिक होती.

१९५३ साली, एड चौदा वर्षांचा असता, त्याला पोलिओ झाला. पोलिओची प्रतिबंधक लस १९५५ साली प्रचारात आली. ती दोन वर्षे आधी मिळती, तर ह्या चरित्राचा ओघ निराळाच झाला असता. हा रोग स्नायूंना हालचालीची आज्ञा पोचविणाऱ्या मज्जातंतूंवर घाला घालतो. बुद्धी शाबूत राहते, स्पर्शाची जाणीवही शाबूत राहते. परंतु हात उचलावा म्हटले तर तो उचलत नाही. एडच्या बाबतीत मानेखालचे जवळजवळ सर्व शरीर निकामी झाले. एका हाताची दोन बोटे व पायाची काही बोटे, एवढीच त्याच्या हुकमतीत उरली. छातीचे स्नायूही दुर्बळ झाल्यामुळे त्याला आपला श्वास आपण घेता येईना.

अशा रोग्यांसाठी त्या काळी एक यंत्र वापरीत. त्याला लोखंडी फुप्फुस म्हणत असत. ही एक आडवी, पिंपासारखी मोठी पेटी असे. रोग्याला तिच्यात निजवीत. फक्त त्याचे डोके बाहेर राही व मानेभोवती रबराचा पट्टा घट्ट बसविलेला असे. भात्याच्या योगे पेटीतील हवेचा दाब कमी केला म्हणजे रोग्याची छाती फुगे आणि नाकातोंडावाटे हवा आपोआप आत जाई. दाब वाढविला म्हणजे ती बाहेर पडे. असे दिवसरात्र चालावयाचे. एडच्या पेटीचे वजन सुमारे ३६० किलो होते. पुढील आयुष्यातील बहुतेक रात्री त्याला ह्या पेटीत काढाव्या लागल्या.

रुग्णालयातील एका डॉक्टरांनी झोनाबाईंना सांगितले, की मुलगा जगला तरी केवळ भाजीपाल्यासारखा पडून राहील. तेव्हा त्याला मरण आले तरच बरे असे समजावे. हे बोलणे एडच्या कानांवर पडले. मोठेपणी तो ही हकीकत हसत हसत सांगे व वर अशी पुस्ती जोडी, की भाजी व्हावयाचेच असेल तर आपण आर्टिचोक होऊ. कारण त्या भाजीला बाहेरून काटे असतात, पण तिचा गाभा मऊ असतो. परंतु हा विनोद मागाहून सुचलेला. त्या वेळी चौदा वर्षांच्या त्या मुलाने अन्न वर्ज्य केले. त्याचे वजन २५ किलोंच्याही खाली गेले. नळीने अन्न घालून त्याला कसेबसे जगविण्यात येत होते. त्याच्याजवळ सतत बसणारी परिचारिका एके दिवशी निघून गेली. आणि आता आपल्याला जगवावयास कोणी बसलेले नाही, जगावे की नाही हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे आहे, असे त्या मुलाच्या ध्यानात आले. त्याने अन्न मागितले. ह्या प्रसंगाचा अर्थ तो पुढे सारा जन्म उलगडून पाहत होता असे म्हणावयास हरकत नाही.

दीड वर्षानंतर तो घरी परतला. जीभ व घसा ह्यांच्या साह्याने हवेचे घोट गिळून काही काळ पेटीबाहेर राहण्याची विद्या त्याने साध्य केली. बेडूक अशाच रीतीने हवा आत घेतो, म्हणून तिला बेडूकश्वास असे नाव आहे. शाळेचे शिक्षण तारेवरून सुरू झाले. वर्गातील यंत्र व एडच्या उशाशी असलेले यंत्र दूरध्वनीच्या तारेने जोडण्यात आले आणि तो घरी पडल्या पडल्या पाठ ऐकू लागला. झोनाबाईंना मात्र एवढ्याने समाधान नव्हते. माणसांत वावरल्यावाचून मुलगा माणसांत येणार नाही असे त्यांचे मत होते. त्यांनी त्याला आठवड्यातून एकदा तरी शाळेत पाठविण्याचा हट्ट धरला. एडला लोकांच्या नजरांचे भय वाटे. पहिल्या दिवशी घडलेही तसेच. आवारातील सारी मुले त्याच्याकडे टक लावून पाहू लागली. पण त्याने उलट त्यांच्याकडे पाहताच त्यांच्या माना खाली गेल्या. तेव्हा त्याला उमगले, की ह्यात आपली काही चूक नाही. नामांकित नटाकडेही लोक असेच पाहतात, आणि आपणही ते तसेच घेतले म्हणजे झाले.

अभ्यास पुरा झाला, तरी शाळा प्रशस्तिपत्र देईना. व्यायाम व मोटार चालविणे हे दोन विषय एडने पुरे केलेले नाहीत, असा आक्षेप निघाला! नियमाचे पुस्तक हाती असले म्हणजे शहाणी माणसेही कधीकधी काय बोलून जातात, ह्याचा हा नमुना होय. झोनाबाई शाळेच्या कार्यकारी मंडळापर्यंत गेल्या आणि प्रशस्तिपत्र घेऊनच परत आल्या.

त्यानंतर सॅन मातेओ येथील महाविद्यालयात त्याला जीन वर्थ नावाच्या शिक्षिका लाभल्या. ह्या बाई विलक्षण उंच होत्या. लोकांच्या नजरा अंगावर झेलण्याचा अनुभव त्यांनाही होता. एडला राज्यशास्त्राची आवड आहे हे पाहून त्यांनी त्याला बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जाण्याचा सल्ला दिला. ह्या शिक्षणासाठी राज्याच्या पुनर्वसन खात्याचे अर्थसाह्य हवे होते. खात्याने अर्ज नाकारला. अर्जदार इतका अपंग आहे की तो कधी कामधंदा करील हे संभवनीय नाही, असे कारण देण्यात आले. तेव्हा एड व त्याच्या हितचिंतकांनी ही हकीकत वृत्तपत्रांकडे नेली. बोभाटा झाला आणि खात्याला आपला निर्णय फिरवावा लागला. विद्यापीठातही एका अधिकाऱ्याने सांगितले, की पंगू विद्यार्थ्यांचा प्रयोग पूर्वी करून पाहिला आहे, तो साधला नाही. शिवाय एवढी अवजड पेटी कोणत्याही वसतिगृहाच्या खोलीत मावत नव्हती.

अखेर विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन ह्यांनी वाट काढली. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची जागा त्यांनी एडला राहावयास दिली; मात्र तेथे राहावयाचे ते रोगी म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून. १९६२ सालच्या शरद ऋतूत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एडवर्ड रॉबर्ट्स विद्यापीठात दाखल झाले.

त्यांचा धाकटा भाऊ रॉन प्रथम त्यांचा मदतनीस म्हणून सोबत आला. परंतु भावाने जन्मभर आपली सेवा करावी हे रॉबर्ट्सना मान्य नव्हते. अशा व्यक्तींना मदतनीस नेमता यावा म्हणून कॅलिफोर्निया राज्यात सरकारी निधीतून पैसे देण्याची तरतूद होती. रॉबर्ट्स आपले मदतनीस स्वतः निवडू लागले. त्यांना काम समजावून सांगावयाचे, वेळा ठरवून द्यावयाच्या, काम नीट न झाल्यास दुसरा माणूस पाहावयाचा, हे सर्व ते पडल्या जागेवरून करीत. ह्यात विशेष ते काय, असे कोणास वाटेल. पण रुग्णालयात रोग्याने केव्हा उठावे, केव्हा जेवावे व केव्हा निजावे हे परिचारिका ठरविते. घरी ते आई ठरविते. येथे ते रॉबर्ट्स ठरवीत होते. चमचा दुसऱ्याच्या हाती असला, तरी घास केव्हा घ्यावयाचा हे त्यांच्या मर्जीवर होते. स्वावलंबन म्हणजे स्वतःच्या हातांनी सर्व कामे करणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खरी मानावी तर एड रॉबर्ट्स एक दिवसही स्वावलंबी नव्हते. परंतु आपल्या जीवनाची सूत्रे आपल्या हाती असणे ह्यालाच जर स्वातंत्र्य म्हणावयाचे, तर ते ह्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना पहिल्याने लाभले.

पुढील वर्षी जॉन हेस्लर नावाचा दुसरा विद्यार्थी तेथे आला. पाण्यात सूर मारताना मान मोडून त्याचे हातपाय गेले होते, आणि पाहणारे कोणी नसल्यामुळे हा हुशार तरुण एका सरकारी रुग्णालयात दिवस कंठीत होता. हळूहळू आणखी विद्यार्थी आले व काही वर्षांत त्यांची संख्या डझनभर झाली. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या गप्पा चालत. त्या काळी बर्कली हे चळवळींचे गाव होते. निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या कृष्णवर्णीय लोकांचा समान हक्कांसाठी लढा चालू होता आणि विद्यार्थी भाषणस्वातंत्र्यासाठी सत्याग्रह करीत होते. ते पाहून ह्या तरुणांच्या मनात विचार येई, की आपली अडचण खरोखर आपल्या शरीरात आहे, की पायऱ्यांत, अरुंद दारांत आणि लोकांच्या मनांत आहे? त्यांनी आपल्या टोळीला रोलिंग क्वाड्स असे नाव घेतले. हातपाय गेलेले, चाकांवरून फिरणारे लोक, असा त्याचा अर्थ. नाव थट्टेचे होते, पण काम थट्टेचे नव्हते. १९६९ च्या सुमारास पुनर्वसन खात्याच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्यापैकी दोघांचे साह्य बंद करून त्यांना तेथून काढण्याचे ठरविले, तेव्हा सर्वांनी मिळून त्याविरुद्ध आवाज उठविला. विद्यार्थी राहिले व अधिकाऱ्याची बदली झाली.

रॉबर्ट्स १९६४ साली पदवीधर झाले व १९६६ साली त्यांनी राज्यशास्त्रातील एम. ए. ची पदवी मिळविली. ह्याच सुमाराच्या वर्षांत ते विजेवर चालणारी चाकांची खुर्ची दोन बोटांनी चालवू लागले. खुर्ची ढकलणारा माणूस दूर झाला आणि मनात येईल तेथे जाणे शक्य झाले. मात्र मनात येईल तेथे म्हणजे पुढच्या कोपऱ्यापर्यंतच! कारण पदपथ संपला की चार बोटांची कड लागे, आणि ती कड म्हणजे चाकांच्या खुर्चीला पर्वतच. रोलिंग क्वाड्स मंडळींनी नगरपालिकेकडे धाव घेतली. १९७१ साली बर्कलीच्या नगरपालिकेने रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उतार करण्याचे काम अंगावर घेतले. गंमत अशी, की उतार होताच मुलांच्या बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, हातगाडीवाले आणि काठी टेकीत चालणारे वृद्ध, सर्वच त्यावरून जाऊ लागले.

१९७० साली विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी एक साह्य योजना सुरू झाली. ती चालविणारे स्वतः बहुतांशी अपंग होते, म्हणून नेमके कोठे अडते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. अडत असे ते साध्या गोष्टींपाशी. सकाळी मदतनीस आला नाही, तर माणूस अंथरुणातच राहतो. रात्री खुर्चीचे चाक मोडले, तर तो रस्त्यातच राहतो. ह्यासाठी त्यांनी मदतनिसांची एक यादी सिद्ध केली. एक आजारी पडला की दुसऱ्यास बोलावता येई. चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करण्याचे कर्मशाळेवजा दुकान काढले. दारे रुंद आहेत व पायऱ्या नाहीत अशी भाड्याची घरे शोधून ठेवली. सरकारी साह्याचे किचकट अर्ज भरून देण्याची सोय केली. आणि ह्या सर्वांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे, नुकताच अपंग झालेला माणूस हताश होऊन आला, तर त्याच अवस्थेतून गेलेला दुसरा माणूस त्याच्याशी बोलावयास बसे. झोनाबाईंनी मुलाच्या मागोमाग ह्याच विद्यापीठात शिक्षण घेतले होते. त्याही ह्या कामात शिरल्या.

थोड्याच दिवसांत असे दिसून आले, की मदत मागणारे अनेक लोक विद्यार्थी नाहीतच. ते गावातील रहिवासी होते. कोणी अंध, कोणी पक्षाघाताने खिळलेले. कोणाचे आईबाप थकले होते, आणि ते गेल्यावर आपली रवानगी कायमची एखाद्या आश्रमात होणार ह्या धास्तीने ते जगत होते. विद्यापीठाचा निधी त्यांच्यावर खर्च करता येत नव्हता. ह्या अडचणीतूनच १९७२ साली बर्कलीचे स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन झाले. जे साह्य विद्यापीठात मिळे तेच आता गावातील कोणाही अपंग प्रौढास त्याच्या स्वतःच्या घरी मिळू लागले. केंद्राची एक अट होती : कारभारी मंडळात अपंगांचेच बहुमत असावे. केंद्राने आश्रम बांधला नाही, खाटा मांडल्या नाहीत. आश्रमात माणसाला मदतीच्या जागी जावे लागते. येथे मदत माणसाच्या जागी जाई. केंद्राचा प्रारंभ करणाऱ्या मंडळींत रॉबर्ट्स यांचे अनेक सहकारी होते. रॉबर्ट्स स्वतः त्या वेळी अन्यत्र अध्यापन करीत होते. परंतु लवकरच ते परत आले व केंद्राचे संचालक झाले. त्यांच्या वाणीने केंद्राकडे पैसा व माणसे दोन्ही ओढली. न्यू यॉर्कहून त्यांनी ज्यूडिथ ह्यूमन ह्या कार्यकर्तीला बोलावून घेतले. लहानपणीच पोलिओ झालेल्या ह्या स्त्रीला शिक्षिकेचा परवाना मिळविण्यासाठी न्यायालयात झगडावे लागले होते.

१९७५ साली एक अपूर्व घटना घडली. कॅलिफोर्नियाचे राज्यपाल जेरी ब्राउन ह्यांनी राज्याच्या पुनर्वसन खात्याच्या संचालकपदी एड रॉबर्ट्स ह्यांची नेमणूक केली. हा माणूस कधी कामधंदा करणार नाही असे लिहून अर्ज परत करणारे खाते ते हेच! श्वसनाचे छोटे यंत्र खुर्चीच्या पाठीशी बांधून ते कामावर येत. १९८३ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले आणि बर्कलीच्या नमुन्याची केंद्रे राज्यात ठिकठिकाणी उभी केली. १९७८ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने कायद्याने अशा केंद्रांना निधी देण्याची व्यवस्था केली, आणि पुढे देशभर अशी शेकडो केंद्रे निघाली.

ह्या अवधीतील एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेने अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करू नये, असे कलम १९७३ च्या एका कायद्यात होते. परंतु त्याच्या अंमलबजावणीचे नियम चार वर्षे पडून राहिले. एप्रिल १९७७ मध्ये शंभराहून अधिक अपंग स्त्रीपुरुषांनी ज्यूडिथ ह्यूमन ह्यांच्या नेतृत्वाखाली सॅन फ्रॅन्सिस्को येथील सरकारी इमारतीत ठाण मांडले. ज्यांना रात्री कूस बदलावयासही दुसऱ्याचा हात लागतो, अशी माणसे तीन आठवड्यांहून अधिक काळ तेथे जमिनीवर निजली. रॉबर्ट्स राज्याचे अधिकारी होते, तरी ते त्यांच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले. २८ एप्रिल रोजी नियमांवर सही झाली. १९९० साली अपंगांच्या समान हक्कांचा जो सर्वंकष कायदा अमेरिकेत झाला, त्याचा पाया ह्या नियमांनी घातला.

१९७६ साली रॉबर्ट्स ह्यांचा विवाह झाला व दोन वर्षांनी त्यांना ली नावाचा पुत्र झाला. १९८३ साली त्यांनी ज्यूडिथ ह्यूमन व जोन लिऑन ह्यांच्यासह अपंगत्वाचा अभ्यास करणारी एक जागतिक संस्था स्थापन केली. १९८४ साली त्यांना मॅकआर्थर प्रतिष्ठानची सन्मानाची अभ्यासवृत्ती मिळाली. श्वसनाचे यंत्र घेऊन ते देशोदेशी हिंडले. १४ मार्च १९९५ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, हृदयक्रिया बंद पडून त्यांचे बर्कली येथे निधन झाले.

संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांची सनद मान्य केली. आपण कोठे व कोणाबरोबर राहावे हे निवडण्याचा आणि त्यासाठी घरी व परिसरात साह्य मिळण्याचा हक्क तिच्या एकोणिसाव्या कलमात आहे. भारताने ही सनद २००७ साली स्वीकारली व तिला अनुसरून २०१६ साली नवा कायदा केला. रॉबर्ट्स ह्यांची खुर्ची त्यांच्या मित्रांनी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयाच्या स्वाधीन केली. बर्कलीत ॲशबी नावाच्या रेल्वे स्थानकालगत त्यांच्या नावाची एक वास्तू २०१० साली उघडण्यात आली. स्वतंत्र जीवन केंद्राचे कामकाज आता तेथे चालते. तिच्या प्रवेशदालनात वरच्या मजल्याकडे वळत वळत जाणारा लाल रंगाचा एक रुंद उतार आहे. त्यावरून चालणारी माणसे व चाकांच्या खुर्च्या शेजारी शेजारी वर जातात.